तिसऱ्या गोलकीपरची वाट

पत्राचा सारांश : पत्रलेखक कोल्हापूरचे आहेत, वय २३, काही महिन्यांत चोविसावे पूर्ण होईल. ते शाळेपासून फुटबॉलमध्ये गोलरक्षक म्हणून खेळत आले. तालमीच्या संघाकडून शाहू स्टेडियमवर तीन हंगाम खेळले, विद्यापीठाच्या संघात होते आणि गेली दोन वर्षे महाराष्ट्राबाहेरच्या एका व्यावसायिक क्लबात तिसरे गोलरक्षक आहेत. या दोन वर्षांत त्यांच्या वाट्याला एकच स्पर्धात्मक सामना आला. क्लबाने आणखी एका वर्षाचा करार देऊ केला आहे. त्याच सुमारास केंद्र सरकारच्या एका विभागात क्रीडा कोट्यातून त्यांची निवड झाली असून होकार कळवायला तीन आठवडे उरले आहेत. वडील शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका फौंड्रीत काम करतात आणि नोकरी घ्यावी असा त्यांचा आग्रह आहे. क्लबाचे गोलरक्षक-प्रशिक्षक मात्र म्हणतात, ‘गोलकीपर अठ्ठाविशीनंतर पिकतो, थांब.’ भारताच्या संघातून खेळणे हे पत्रलेखकाचे लहानपणापासूनचे स्वप्न आहे आणि ‘आणखी किती वर्षे वाट पाहावी?’ हा त्यांचा प्रश्न आहे. शेवटी त्यांनी दोन गोष्टी संकोचाने लिहिल्या आहेत. राज्य संघाच्या निवड चाचणीत त्यांच्या हातून सुटलेल्या चेंडूची चित्रफीत अजून पेठेत मोबाइलवर फिरते. आणि क्लबाचा पहिला गोलरक्षक सरावात जखमी झाला तेव्हा त्यांना क्षणभर आनंद झाला, ज्याची त्यांना लाज वाटते.

प्रिय मित्रा,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दुसऱ्या वाचनात हाताशी पेन्सिल घेतली. ‘वर्षे’ हा शब्द त्यात अकरा वेळा आला आहे. ‘सामने’ हा शब्द दोनदाच आला असून त्यांपैकी एकदा तो तुमच्या तालमीच्या जुन्या दिवसांबद्दल आहे. माझे उत्तर जवळपास सगळे या मोजदादीतूनच निघाले आहे, म्हणून ती आधी सांगितली. किती वर्षे थांबावे असे तुम्ही विचारता, तेव्हा थांबणे हेच गोलरक्षकाचे काम आहे आणि पुरेसे थांबले की पाळी येते, असे तुम्ही मनात धरून चालला आहात. रेशनच्या रांगेत तसे होत असेल. गोलकीपरच्या बाबतीत तसे होताना मला दिसत नाही.

तुमचे प्रशिक्षक खोटे बोलत नाहीत. या जागेचे आयुष्य इतर जागांपेक्षा लांब असते. इटलीच्या दिनो झोफ यांनी १९८२ चा विश्वचषक कर्णधार म्हणून उचलला तेव्हा त्यांचे वय ४० होते, आणि इजिप्तचा एसाम अल-हदारी २०१८ च्या विश्वचषकात ४५ व्या वर्षी खेळला व त्याच सामन्यात त्याने एक पेनल्टीही अडवली. अर्जेंटिनाच्या एमिलियानो मार्टिनेझचे नाव तर तुम्ही स्वतःच पत्रात घेतले आहे. २०१० साली तो आर्सेनलला गेला, दहा वर्षे तेथे मुख्यतः राखीव राहिला, २८ व्या वर्षी जून २०२१ मध्ये देशाकडून पहिला सामना खेळला आणि दीड वर्षात विश्वविजेता झाला. ही कथा तुम्हाला धीर देते. तिचा मधला भाग मात्र तुम्ही गाळला आहे. त्या दहा वर्षांत क्लबाने त्याला ऑक्सफर्ड, शेफील्ड वेन्सडे, रॉदरहॅम, वुल्व्हरहॅम्प्टन, गेटाफे आणि रेडिंग अशा सहा ठिकाणी उसना दिला होता. काही ठिकाणी तो खेळला, काही ठिकाणी तिथल्याही बाकावर बसला. पण सामना जेथे मिळेल असे वाटले तेथे तो बॅग उचलून गेला. गोलकीपर अठ्ठाविशीत पिकतो हे खरे असले, तरी पिकायला त्याला ऊन लागते.

सरावात काय शिकता येते आणि काय येत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक कळते. जवळून मारलेला चेंडू अडवणे, झेप घेणे, पायाने पास देणे हे सरावात घोटून घेता येते, आणि तिसऱ्या गोलरक्षकाला दिवसभर चेंडू अडवण्याचे काम असल्याने तो त्यात अनेकदा पहिल्यापेक्षाही तरबेज होतो. परंतु कॉर्नरवरून आलेल्या चेंडूकडे सहा जणांच्या गर्दीतून, कुणाचे तरी कोपर बरगडीत बसत असताना, जायचे की रेषेवर थांबायचे हा निर्णय. पाऊण तास चेंडूच न आल्यावर शेहेचाळिसाव्या मिनिटाला आलेला पहिला फटका. आघाडी मिळाल्यावर शेवटच्या दहा मिनिटांत बचावफळीला आवाज देऊन जागेवर ठेवणे. या गोष्टी सामन्यातच शिकता येतात, आणि गोलरक्षकाची निवड शेवटी याच गोष्टींवर होते. आता पंचांची शिट्टीही बदलली आहे. २०२५ च्या जुलैपासून गोलरक्षकाने चेंडू आठ सेकंदांपेक्षा अधिक काळ हातात ठेवला, तर प्रतिस्पर्ध्याला थेट कॉर्नर मिळतो. त्या आठ सेकंदांत कुणाला चेंडू द्यायचा हे बाकावर बसून कसे कळणार? दोन वर्षांत एक सामना म्हणजे तुमच्या शिक्षणाला दोन वर्षे खंड पडला आहे, असे मी म्हणेन. ‘क्लबात आहे’ या शब्दांमागे तो खंड तुमच्याही नजरेआड राहिला असावा.

आता भारताच्या संघाबद्दल. हे लिहिताना मला बरे वाटत नाही, पण गोड बोलून तुमचे तीन आठवडे वाया घालवणे त्याहून वाईट ठरेल. ज्या खेळाडूने २३ व्या वर्षापर्यंत देशाच्या कुठल्याही वयोगटाच्या शिबिरात पाऊल ठेवलेले नाही आणि जो आपल्या क्लबात तिसरा आहे, त्याला भारताच्या वरिष्ठ संघात स्थान मिळण्याची शक्यता फार कमी असते. विश्वचषकाच्या २६ जणांच्या यादीतही किमान तीन गोलरक्षक असावे लागतात, म्हणजे देशभरातून तीन नावे. आणि त्यांतला एकच मैदानावर उतरतो. बचावपटू किंवा मधल्या फळीतला खेळाडू सत्तराव्या मिनिटाला बदली म्हणून येऊन आपली चुणूक दाखवू शकतो. गोलकीपरला ती सोय नाही.

या तीन जागांचा हिशेब किती विचित्र असतो हे गुरप्रीतसिंग संधूकडे पाहून कळते. जानेवारी २०११ मध्ये दोहाच्या आशिया चषकाला गेलेल्या भारतीय संघात तो होता. तेव्हा त्याला एकोणिसावे वर्षही पूर्ण झाले नव्हते. तिन्ही सामने सुब्रत पॉल खेळला. ऑस्ट्रेलियाने चार, बहारीनने पाच आणि दक्षिण कोरियाने चार गोल केले, आणि एकूण तेरा गोल स्वीकारलेला तो गोलकीपर ‘स्पायडरमॅन’ हे नाव घेऊन परतला, कारण गोल तेरा झाले तरी किती झाले नाहीत हे पाहणाऱ्यांना दिसले होते. (धावफलकावरून गोलकीपर जोखू नये हे आपल्या पेठेतल्या जाणत्यांनाही कुणी तरी सांगावे.) गुरप्रीतला देशाचा पहिला गोलरक्षक व्हायला त्यानंतर चारेक वर्षे लागली. मधल्या काळात तो ईस्ट बंगालकडून खेळला, पैलान ॲरोजकडे जाऊन खेळला, २०१४ मध्ये नॉर्वेच्या स्टाबेक क्लबात गेला. तेथेही तो बहुतेक काळ दुसरा होता, पण ३० जून २०१६ रोजी युरोपा लीगच्या पात्रता फेरीत उतरून त्या स्पर्धेत खेळणारा पहिला भारतीय ठरला. १० सप्टेंबर २०१९ रोजी आशियाई विजेत्या कतारला त्यांच्याच घरी शून्य-शून्यवर रोखणारा गोलकीपर या सगळ्यातून तयार झाला.

आणि एवढे होऊनही जागा कायमची झाली नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये हैदराबादेत मलेशियाविरुद्ध तो पुढे धावत आला, अंदाज चुकला, रिकाम्या गोलात चेंडू गेला, आणि पुढच्या सामन्यांत विशाल कैथ उभा राहिला. जून २०२५ मध्ये हाँगकाँगविरुद्ध भरपाईच्या वेळेत कैथच्या चुकीने प्रतिस्पर्ध्याला पेनल्टी मिळाली आणि भारत एका गोलने हरला. खालिद जमील प्रशिक्षक झाल्यावर गुरप्रीत परतला आणि त्या सप्टेंबरात ओमानविरुद्धच्या टायब्रेकरमध्ये शेवटची किक अडवून त्याने भारताला मध्य आशियाई संघटनेच्या काफा नेशन्स चषकात तिसरे स्थान मिळवून दिले. तेव्हा तो ३३ वर्षांचा होता. अमरिंदरसिंगकडेही पाहा. पुण्याच्या क्लबातून पुढे आलेला हा मूळचा आघाडीपटू २०१६ मध्ये इंडियन सुपर लीगचा सर्वोत्तम गोलरक्षक ठरला, मुंबई सिटीबरोबर २०२०-२१ मध्ये विजेता झाला, आणि तरीही देशाच्या संघात अनेक वर्षे गुरप्रीतच्या मागे उभा राहिला. त्याची कारकीर्द अयशस्वी होती असे तुम्ही म्हणाल का? मग तुमच्या पत्रातले ‘भारताचा गोलकीपर झालो नाही तर एवढी वर्षे पाण्यात’ हे वाक्य इतरांना लावून पाहा. ते कुणाच्याच अंगाला बसत नाही.

१९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेतील सुवर्णपदक आपण सगळे गोलरक्षक पीटर थंगराज यांच्या नावाने आठवतो. ते फ्लूने आजारी होते, आणि त्यांच्या जागी प्रद्योत बर्मन यांनी गोल सांभाळला. अंतिम सामन्यात उंचपुऱ्या कोरियन खेळाडूंसमोर प्रशिक्षक रहीमसाहेबांनी थंगराज यांनाच पुन्हा उतरवले आणि भारत २-१ असा जिंकला. बर्मन बाहेर बसले. मला नेहमी वाटत आले आहे की त्या पदकाची खरी गोष्ट बर्मन यांना विचारायला हवी होती.

आता त्या क्षणभराच्या आनंदाकडे येतो. तुम्ही तो एका ओळीत, कंसात लिहिला आहे. मला मात्र पत्रातले ते सर्वांत प्रामाणिक वाक्य वाटले. गोलरक्षकांचे तीन-चार जणांचे टोळके उरलेल्या संघापासून बाजूला, स्वतःच्या प्रशिक्षकाबरोबर सराव करते. एकमेकांचे मनगट, गुडघे, झोप, घरची भांडणे सगळे त्यांना ठाऊक असते. आणि त्याच माणसाला काही झाल्याशिवाय आपली पाळी येत नाही. इतकी जवळीक आणि इतकी स्पर्धा एकाच जागी कोंबल्यावर मनात असा विचार चमकून जाणार. त्यानंतर तुम्ही काय केले, हे पाहू. तुम्हीच लिहिले आहे की बर्फाची पिशवी आणायला सर्वांत आधी तुम्ही धावलात. माझ्या दृष्टीने तुमचे वागणे तेवढेच आहे. त्या मित्राकडे जाऊन मनातले कबूल करण्याची गरज नाही. तसे केल्याने तुमचा भार हलका होईल आणि त्याचा वाढेल.

मात्र एक बाब मी हलक्यात घेत नाही. झोप लागत नाही, जेवण जात नाही, सामन्याच्या दिवशी संघाच्या बसमध्ये बसू नये असे वाटते, असे तुम्ही जाता जाता लिहिले आहे. जर्मनीचा राष्ट्रीय गोलरक्षक रॉबर्ट एन्के नैराश्याने आजारी होता आणि संघातली जागा जाईल या भीतीने ते लपवत राहिला. नोव्हेंबर २००९ मध्ये, ३२ व्या वर्षी, त्याने आत्महत्या केली. तुमची अवस्था तशी आहे असे मी सुचवत नाही, आणि पत्रावरून तसे ठरवण्याचा मला अधिकारही नाही. पण गुडघा दुखला तर तुम्ही फिजिओकडे त्याच दिवशी जाता, मग दोन महिने झोप नसताना डॉक्टरांकडे जायला कशाची वाट पाहता? क्लबात सांगायचा संकोच असेल, तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. तो विनामूल्य आहे आणि मराठीतूनही बोलता येते. हे नोकरीच्या निर्णयाच्या आधी करा. न झोपलेल्या माणसाने तीन आठवड्यांत आयुष्याचा निर्णय घेऊ नये.

त्या चित्रफितीबद्दल. कोल्हापुरात फुटबॉल पाहणारे डोळे जितके जाणते, तितकी त्यांची आठवणही लांब. तालमींच्या ईर्ष्येत एखादी चूक पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते, हे मी नाकारत नाही. पण गोव्याच्या लक्ष्मीकांत कट्टीमणीचे दोन सामने शेजारी ठेवून पाहा. २० डिसेंबर २०१५, मडगावचे फातोर्डा मैदान, लीगचा अंतिम सामना : एफसी गोवा २-१ ने पुढे, सामना संपत आलेला, आणि चेन्नईयिनचा बरोबरीचा गोल कट्टीमणीच्या नावावर स्वयंगोल म्हणून लागला; लगेच तिसराही झाला आणि घरच्या प्रेक्षकांसमोर चषक गेला. २० मार्च २०२२, तेच फातोर्डा, तीच स्पर्धा, पुन्हा अंतिम सामना : आता हैदराबादकडून खेळताना त्याने केरळ ब्लास्टर्सच्या तीन पेनल्टी टायब्रेकरमध्ये अडवल्या आणि संघाला विजेता केले. या दोन तारखांमध्ये सव्वासहा वर्षे आहेत आणि त्या वर्षांत तो खेळत राहिला. पहिली चित्रफीत आजही पाहायला मिळते. तुमची चित्रफीत कुणी पुसणार नाही. तिच्या शेजारी ठेवायला दुसरी काही हवी, आणि ती सामना खेळल्याशिवाय तयार होणार नाही.

नोकरीविषयी मी सर्वाधिक लिहिणार आहे, कारण तुमच्या पत्रातला सर्वांत मोठा गैरसमज मला येथे दिसतो. नोकरी घेतली म्हणजे स्वप्न सोडले, असे तुम्ही गृहीत धरले आहे. भारतीय फुटबॉलचा बराचसा इतिहास नोकरदारांनी लिहिला आहे. थंगराज सैन्यात होते आणि आधी आघाडीला खेळत. गोलरक्षक म्हणून ते सैन्यातच घडले. १९५६ च्या मेलबर्न आणि १९६० च्या रोम ऑलिंपिकसाठी निवडले गेलेले आपल्या मुंबईचे एस. एस. नारायण कॅलटेक्स या तेल कंपनीच्या संघातून खेळत. मुंबईच्या हार्वुड लीगमध्ये बँका, तेल कंपन्या, विमान कंपन्या, कापड गिरण्या यांचे संघ उतरत आणि खेळाडू दुपारपर्यंत फायली हाताळून संध्याकाळी कूपरेज मैदानावर पोचत. आजही सेनादल आणि रेल्वे यांचे स्वतंत्र संघ संतोष करंडक या राज्य संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेत असतात. सेनादलाने मार्च २०२४ मध्ये गोव्याला हरवून तो करंडक सातव्यांदा जिंकला. त्या संघातल्या प्रत्येकाला महिन्याचा पगार होता.

याउलट ज्याला आपण पूर्ण व्यावसायिक फुटबॉल म्हणतो, त्याची आपल्या राज्यातली गत पाहा. महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. पुणे एफसी गेला. डीएसके शिवाजियन्स दोन हंगामांनंतर आय-लीग या राष्ट्रीय स्पर्धेतून बाहेर पडला. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये मिटला. २०२५ च्या जुलैत तर देशाची सर्वांत मोठी लीगच हक्कांच्या कराराअभावी लांबणीवर पडली आणि काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबवले. ज्यांच्या घरी दुसरा आधार होता त्यांनी ते महिने काढले. तुमच्या वडिलांनी हे सगळे वर्तमानपत्रात वाचले असणार. भट्टीसमोर उभे राहून घर चालवणारा माणूस मुलाला नोकरी घे म्हणतो, तेव्हा त्याचा मुलाच्या खेळावर विश्वास नाही असा अर्थ काढण्याची घाई करू नका. तुमच्याच पत्रात आहे की शाहू स्टेडियमवरचा तुमचा एकही सामना त्यांनी चुकवला नाही आणि पहिली पाळी असली की जेवणाचा डबा गॅलरीत उघडला.

आणखी एक व्यावहारिक बाब, जी तुमच्या परिस्थितीतल्या प्रत्येक तरुण खेळाडूने भिंतीवर लिहून ठेवावी. गोलरक्षकाला मैदानाचे दार तिशीनंतरही उघडे असते, पण क्रीडा कोट्याचे दार तसे नसते. रेल्वेच्या अशा भरतीत वयाची अट साधारण १८ ते २५ अशी असते आणि अलीकडच्या काही वर्षांतलीच कामगिरी धरली जाते. बाकावर बसलेल्या खेळाडूची ‘अलीकडची कामगिरी’ दरवर्षी शिळी होत जाते. राज्य सरकारच्या सेवेतही खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी क्रीडा प्रमाणपत्राची पडताळणी आधी करून घ्यावी लागते, आणि जाहिरात निघाल्यावर धावपळ करणारे त्यातच अडकतात. तुमची विद्यापीठाची प्रमाणपत्रे नोकरी घ्या किंवा न घ्या, आताच विभागीय क्रीडा उपसंचालकांच्या कार्यालयातून पडताळून घ्या.

एवढे लिहूनही मी ‘नोकरी घ्या’ असे सरसकट म्हणणार नाही. काही विभागांत क्रीडा कोट्यातून भरती होते, पण संघ नावापुरता असतो; वर्षाकाठी एक आंतरविभागीय स्पर्धा होते आणि उरलेले अकरा महिने खेळाडू खिडकीमागे बसतो. तशी नोकरी म्हणजे पगाराचा बाक. म्हणून होकार देण्यापूर्वी त्या विभागाच्या क्रीडा अधिकाऱ्यांना आणि तेथे आधीपासून खेळणाऱ्या निदान दोन जणांना भेटा. गेल्या वर्षी संघ एकूण किती सामने खेळला? कोणत्या स्थानिक लीगमध्ये त्याची नोंदणी आहे? सध्याचा गोलरक्षक कोण, त्याचे वय काय, आणि तुमची भरती त्याच्या जागी आहे की त्याच्या मागे? नेमणूक कुठे, आणि तेथून सरावाचे मैदान किती दूर? परिविक्षेच्या काळात राज्य संघाच्या शिबिराला रजा मिळते का? एखाद्या क्लबाकडून खेळायचे झाल्यास ना हरकत प्रमाणपत्र देतात का, आणि आजवर कुणाला दिले आहे? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर नियमात काय आहे त्यावरून न घेता, कुणाला मिळाले त्यावरून घ्या.

क्लबालाही असेच विचारा. आहे तसा करार पुन्हा करू नये, एवढे मात्र मी ठामपणे सांगतो. तिसऱ्या गोलरक्षकाची गरज क्लबाला असते. सरावाला तीन जण लागतात आणि नोंदणीत नाव लागते. ती गरज त्यांची आहे, आणि तिच्या बदल्यात काही मागण्यात उद्धटपणा नाही. हंगामाच्या पहिल्या टप्प्यात राज्य लीगचे किंवा चषकाचे ठरावीक सामने, नाही तर उसन्या खेळाडूच्या तत्त्वावर दुसरीकडे जाण्याची मुभा, हे लेखी मागा. गोव्याची प्रोफेशनल लीग, कोलकात्याची लीग, २०२४ पासून सुरू झालेली केरळची सुपर लीग, मुंबईच्या लीगमधल्या वरच्या श्रेणींतले संघ, यांपैकी कुठे तरी गोलरक्षक हवा असतोच, कारण चांगले गोलरक्षक सगळीकडे कमी आहेत. क्लबाने हे लेखी दिले, तर तुमच्यापुढे दोन खरे पर्याय असतील. दिले नाही, तर प्रश्नच मिटला.

दोन्हीकडची उत्तरे आल्यावर एका कागदावर दोन आकडे लिहा : येत्या बारा महिन्यांत या मार्गाने मी किती सामने पूर्ण नव्वद मिनिटे खेळेन, आणि त्या मार्गाने किती. नोकरीच्या बाजूला वीस आणि क्लबाच्या बाजूला दोन आले, तर भारताच्या संघाकडे जाणारी वाटसुद्धा, ती जेवढी काही आहे तेवढी, नोकरीच्या बाजूनेच जाते. उलट आले, तर वडिलांजवळ बसून त्यांना आकडे दाखवा आणि एका हंगामाची मुदत मागा. पंचविसाच्या आत आणखी एकदा चाचणी देता येईल असा हिशेब त्यात ठेवा. दोन्ही आकडे शून्याच्या आसपास आले, तर नोकरी घ्या आणि सुटीच्या दिवशी आपल्या तालमीच्या गोलात उभे राहा, मात्र त्याआधी नोंदणीचे आणि विभागाच्या परवानगीचे नियम पाहून घ्या.

उंचीबद्दल तुम्ही विचारले आहे. पाच फूट दहा इंच ही आजच्या निवडकर्त्यांना कमी वाटते, आणि निवड चाचणीत टेप आधी निघतो, हे खरे आहे. मेक्सिकोचा होर्खे काम्पोस साडेपाच फुटांचा होता आणि दोन विश्वचषकांत गोलमध्ये उभा राहिला, पण अपवादावर बेत आखू नये. बदलता येते ते एवढेच की चेंडू कुठे पडणार हे इतरांपेक्षा अर्धा सेकंद आधी ओळखणे. आणि तेही, पुन्हा एकदा, सामन्यांतून येते.

गोलरक्षकांना शिकवणाऱ्यांची आपल्या राज्यात वानवा आहे, म्हणून एक सुचवतो; ते तुमच्यासारख्या इतरांनाही उपयोगी पडेल. राष्ट्रीय महासंघाचा प्रशिक्षकांचा पहिला, ‘डी’ परवाना खेळत असतानाच घेता येतो, आणि आशियाई महासंघाचे गोलरक्षक-प्रशिक्षणाचे वेगळे अभ्यासक्रम आहेत. गोव्याचे ब्रह्मानंद शंखवाळकर साळगावकर क्लबाकडून वर्षानुवर्षे खेळले, भारताचे कर्णधार झाले, आणि त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो १९९७ मध्ये, खेळणे थांबवल्यानंतर. या जागेवरच्या माणसाची दखल उशिरा घेतली जाते. दरम्यान चार मुलांना चेंडूमागे अंग कसे न्यायचे ते शिकवत राहिलात, तर स्वतःच्या चुकाही स्वच्छ दिसू लागतील.

सोमवारी सकाळी पहिला फोन डॉक्टरांना करा, दुसरा विभागाच्या क्रीडा अधिकाऱ्यांना. क्लबाला पत्र त्याच दिवशी ई-मेलने पाठवा आणि उत्तरासाठी दहा दिवसांची तारीख घाला, म्हणजे होकाराच्या मुदतीआधी तुमच्या हाती आठवडाभर राहील. आकड्यांचा तो कागद वडिलांना दाखवायला जाल, तेव्हा रविवार पाहून जा. पाळी सुटून आलेल्या माणसाला आकडे दाखवू नयेत.

तुमचा,
सदरलेखक